मोबाइल गेममधला ‘मॅक्रो’ : फायदा कुणाचा?

आमच्या तिसगावात आठवी-नववीच्या मुलांच्या तोंडी सध्या एक शब्द सारखा येतो, ‘मॅक्रो’. “सर, त्याच्याकडे मॅक्रो आहे, म्हणून तो जिंकतो,” अशी तक्रार मधल्या सुट्टीत माझ्यापर्यंत येते. घरी अम्मीला वाटतं, असेल एखादा नवा गेम. अब्बांना तर मुलगा कोणता गेम खेळतो तेच माहीत नसतं. म्हणून आधी ही चीज काय आहे ते सांगतो.

‘फ्री फायर’सारख्या गेममध्ये समोरून गोळी आली की पुढे भिंत उभी करायची, खाली बसायचं, उठून लगेच नेम धरायचा. चार-पाच हालचाली, आणि त्या पापणी लवेपर्यंत व्हायला हव्यात. सरावलेला मुलगा त्या बोटांनी करतो. मॅक्रो म्हणजे या हालचाली आधीच नोंदवून ठेवणं. मग एकच बटण दाबलं की सगळ्या त्याच क्रमानं, तेवढ्याच वेळात आपोआप होतात. कॉम्प्युटरवर काही माउस-कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्येच ही सोय असते. कॉम्प्युटरवर मोबाइलचे गेम चालवणाऱ्या ‘ब्लूस्टॅक्स’मध्येही मॅक्रो नोंदवता येतो. मोबाइलवर मात्र बहुतेक वेळा त्यासाठी वेगळं ॲप टाकावं लागतं. त्या ॲपबद्दल मला पालकांशी बोलायचं आहे, पण आधी मुलांचा प्रश्न घेऊ.

मॅक्रोनं फायदा होतो का? होतो, नाही कशाला म्हणायचं! गोळ्या झाडताना बंदुकीचा नेम वर वर सरकतो. मॅक्रो तो ठरावीक वेळानं ठरावीक अंतर खाली ओढत राहतो, त्यामुळे गोळ्या एका जागी लागतात. नवख्या मुलाच्या हाताला जे महिनोन् महिने जमलं नसतं ते पहिल्याच दिवशी होतं. पण मॅक्रोला डोळे नाहीत. समोरचा बाजूला सरकला, बंदूक बदलली, फोन तापून गेम अडखळू लागला, तरी तो घोकलेलंच करत राहतो. ‘अपेक्षित’ पाठ करून परीक्षेला बसणाऱ्या मुलांचं असंच होतं. प्रश्न जरा फिरवून आला की पेन थांबतं. गेममध्ये शिकण्यासारखं जे थोडंफार असतं, म्हणजे समोरच्याचा अंदाज घेणं आणि ऐन वेळी चाल बदलणं, नेमकं तेच मॅक्रोवाल्या मुलाचं राहून जातं.

शिवाय तो पकडलाही जाऊ शकतो. माणसाचं बोट दर वेळी थोडं मागेपुढे पडतं, यंत्राचं अंतर मोजून सारखं असतं. एवढ्यावरूनही संशय येतो. ‘फ्री फायर’ची कंपनी बाहेरचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचं खातं कायमचं बंद करते, तर ‘पबजी मोबाइल’मध्ये दहा-दहा वर्षांची बंदी घातली जाते. घरच्या पैशांनी घेतलेले डायमंड खात्याबरोबरच जातात.

मोठ्या स्पर्धांत तर याहून वाईट होतं. ऑक्टोबर २०१८मध्ये शांघायच्या एका स्पर्धेत एका भारतीय संघाचा खेळाडू नेम धरून देणारं छुपं सॉफ्टवेअर वापरताना सापडला. तो मॅक्रो नव्हता, त्याच्या पुढची पायरी होती. संपूर्ण संघ बाद झाला, पुढे मोडला, आणि त्या तरुणावर पाच वर्षांची बंदी आली. बाकीच्या चौघांनी काय केलं होतं? ऑगस्ट २०२४मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीनं तर कीबोर्डमधली अशी सोयही आपल्या सर्व्हरवर बंद केली. हालचालीचा ताळमेळ खेळाडूच्याच हातानं साधला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मात्र ज्याचा हातच साथ देत नाही त्याचं काय? एका हातानं खेळणाऱ्या मुलाला पाच बटणांचं काम एकात मिळालं, तर त्याला मी लबाडी म्हणणार नाही. २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपंग खेळाडूंसाठी मोठ्या बटणांचा खास कंट्रोलर काढला, तो याच विचारानं. अँड्रॉइड फोनमध्येही ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची सोय आहे. दिसत नसलेल्याला फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि बोटं न चालणाऱ्याला एकाच बटणानं सगळा फोन हाताळता येतो. त्यासाठी ॲपला पडद्यावरचं वाचायची आणि तुमच्या वतीनं बटणं दाबायची परवानगी द्यावी लागते.

मॅक्रोचं ॲप बहुधा हीच परवानगी मागतं.

पालकांनो, इथे जरा थांबा. सप्टेंबर २०२०मध्ये ‘पबजी’वर आणि फेब्रुवारी २०२२मध्ये मूळ ‘फ्री फायर’वर सरकारनं बंदी घातली. ‘फ्री फायर मॅक्स’ उरला, पण तोवर कित्येक मुलांना प्ले स्टोअरबाहेरच्या लिंकवरून एपीके टाकायची सवय लागली होती. आता ‘हेडशॉट मॅक्रो’ तसाच येतो, एखाद्या रीलखालून किंवा टेलिग्रामवरून. फोन बहुतेक वेळा मुलाचा नसतो. अब्बांचा असतो, त्यात यूपीआय असतं, बँकेचे ओटीपी येतात. आमच्या पाथर्डी तालुक्यातली कितीतरी माणसं हंगामात ऊसतोडीला जातात. त्यांच्या घरी दादीजवळ राहिलेला एकच फोन म्हणजे बोलणंही तेच, पैसेही तेच. अनोळखी ॲपला पडदा वाचू दिला आणि बटणं दाबू दिली, तर ते गेममध्येच थांबेल याची हमी कोण देणार? बँकेचे पैसे पळवणारी कितीतरी ॲप्स हीच परवानगी वापरतात. अँड्रॉइड १३पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ती सहज मिळत नाही. पण रीलवाला ‘भाई’ तो अडसर कसा काढायचा तेही शिकवतो!

मुलाला ओरडू नका, नाहीतर तो ॲप लपवून ठेवायला शिकेल. त्याला जवळ बसवा आणि त्याच्याच हातानं सेटिंग्जमधलं ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडायला सांगा. डाउनलोड केलेल्या ॲप्सची यादी दिसेल. तिथे जे ओळखीचं नाही त्याची परवानगी आधी बंद करा, मग ॲप काढा. परवानगी चालू असताना काही ॲप्स स्वतःला काढूच देत नाहीत. तसं झालं तर फोन सेफ मोडमध्ये चालू करून काढावं लागतं. गावात मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही ते करून देईल. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच घडीला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाते, आणि ती वाटेत अडवायची तर वेळ फार थोडा असतो.