'सी' प्रोग्राममधील सिस्टीम कॉलच्या त्रुटी आणि त्यांचे सुबोध निवेदन

प्रस्तावना

पालघर तालुक्यातील मुरबे हे खाडीच्या उत्तरेस वसलेले मच्छीमारांचे गाव. खाडीच्या दक्षिणेस सातपाटी. मुरबे गावच्या एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी प्रकल्पासाठी 'सी' भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. घरच्या बोटीची रोजची मासळी, बर्फ, डिझेल आणि खलाशांचा वाटा यांचा हिशेब फाईलमध्ये नोंदवणे, एवढेच त्याचे काम. घरच्या संगणकावर तो व्यवस्थित चालत होता. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र पडद्यावर 'फाईल उघडता आली नाही' हे एकच वाक्य उमटले. त्या मुलाने फाईलचे नाव पुन्हा तपासले, बिनचूक ओळी बदलून पाहिल्या, आणि वेळ संपली. नंतर उलगडा झाला की फाईल जागेवरच होती. त्याच्या खात्याला तीत लिहिण्याची परवानगी नव्हती. संगणकाला हे कारण पहिल्या क्षणापासून ठाऊक होते. प्रोग्रामने ते विचारले नव्हते, इतकेच.

दोष त्या मुलाचा म्हणता येत नाही. ते वाक्य फळ्यावर वर्षानुवर्षे तसेच लिहून देणारा शिक्षक प्रस्तुत लेखकच होय. सदर लेखाचा विषय त्या चुकीतूनच निघाला आहे.

कारण कोठे नोंदले जाते

सामान्य प्रोग्रामला डिस्क, नेटवर्क किंवा मुद्रक यांना थेट हात लावता येत नाही. त्यासाठी कर्नेलकडे मागणी करावी लागते. या मागणीस सिस्टीम कॉल म्हणतात. मागणी फेटाळली गेली तर लिनक्सचे कर्नेल एक ऋण संख्या परत करते. फाईल अस्तित्वात नसल्यास उणे २, परवानगी नसल्यास उणे १३. 'सी' ग्रंथालयातील आवरण-फलन ती संख्या पाहून स्वतः उणे १ परत करते आणि मूळ क्रमांक, चिन्ह काढून, 'एर्नो' या ठिकाणी ठेवते. 'एफओपन' हा स्वतः सिस्टीम कॉल नव्हे; तो आतून 'ओपन'चा आधार घेतो आणि अपयश आल्यास शून्य-दर्शक, म्हणजे 'नल', परत करतो. तथापि कारणाचा क्रमांक तेथेही 'एर्नो'मध्येच सापडतो.

बंदरावर एकच पाटी टांगलेली आहे अशी कल्पना करावी. बोट रिकामी परतली तर तांडेल त्या पाटीवर कारण लिहितो : जाळे फाटले, बर्फ संपला, इंजिन बिघडले. बोट भरून आली तर तो पाटीला हातही लावत नाही. जुने कारण पुसत नाही. मग पाटीवर 'जाळे फाटले' असे दिसते म्हणून आजची बोट रिकामी आली, असे अनुमान काढणे कितपत योग्य? 'एर्नो'ची रीत हीच आहे. यशस्वी झालेले ग्रंथालय-फलन त्याचे मूल्य शून्य करीत नाही. म्हणून आधी परतमूल्य पाहावे आणि अपयश निश्चित झाल्यावरच 'एर्नो' वाचावा. 'गेटप्रायॉरिटी'सारख्या काही कॉलमध्ये उणे १ हे वैध उत्तरही असू शकते; तेथे कॉलपूर्वी आपणच पाटी पुसून ठेवावी लागते.

पाटी एकच असल्याने दुसरा तांडेल येण्याआधी ती वाचली पाहिजे, हे ओघानेच आले. विद्यार्थी येथे हमखास फसतात. अपयशानंतर ते प्रथम 'प्रिंटएफ'ने 'काहीतरी चुकले' असे छापतात आणि पुढच्या ओळीत 'एर्नो' वाचतात. तोवर त्या छपाईनेच त्यात नवा क्रमांक टाकलेला असू शकतो. जुन्या युनिक्स प्रणालींवर यातून मोठी गंमत होत असे. आउटपुट टर्मिनलवर जात आहे की नाही, याची चाचणी ग्रंथालय आतून करी. उत्तर नकारार्थी आले की 'एर्नो'मध्ये २५ उरे, आणि त्याचा त्या काळचा अर्थ होता 'हे टंकलेखन यंत्र नव्हे'. फाईल न उघडल्याचे कारण म्हणून हे वाक्य वाचणाऱ्याची काय अवस्था होत असेल! उपाय सोपा आहे : अपयश दिसताच 'एर्नो' एका स्थानिक चलात उतरवून घ्यावा.

एकाच प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड असल्यास एक पाटी पुरणार नाही, ही शंका रास्त आहे. प्रारंभी 'एर्नो' हा साधा सार्वत्रिक पूर्णांक होता. पुढे पॉझिक्सच्या थ्रेडविषयक मानकाने प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र 'एर्नो' दिला, आणि २०११ च्या 'सी' मानकानेही तेच स्वीकारले.

निवेदन कसे असावे

'पीएरर' हे फलन आपण दिलेल्या शब्दापुढे कारणाचे वाक्य जोडून ते त्रुटी-प्रवाहावर छापते. वर्गात आरंभ करण्यास ते पुरेसे आहे. परंतु 'एफओपन : परवानगी नाकारली' यावरून कोणती फाईल, हे कळत नाही. चांगल्या निवेदनात आपण काय करीत होतो, कशावर करीत होतो आणि ते का फसले, ही तिन्ही उत्तरे हवीत. त्यासाठी 'स्ट्रएरर' वापरून वाक्य स्वतः रचावे. वरील प्रोग्रामने 'मासळी-हिशेब ही फाईल लिहिण्यासाठी उघडता आली नाही : परवानगी नाकारली' असे म्हटले असते, तर त्या मुलाची परीक्षा पाच मिनिटांत मार्गी लागली असती.

नुसता क्रमांक छापणे हा उपाय नव्हे. ११ आणि ३५ हे क्रमांक पाहा. लिनक्सवर ११ म्हणजे 'तूर्त शक्य नाही, पुन्हा प्रयत्न करा' आणि ३५ म्हणजे परस्परांत अडकून पडण्याची स्थिती. बीएसडी व मॅक प्रणालींवर नेमके उलट. म्हणून प्रोग्राममध्ये तुलना करताना नेहमी 'ईअगेन', 'ईनोएंट' अशी चिन्हनामेच वापरावीत. 'स्ट्रएरर'च्या वाक्याशीही तुलना करू नये, कारण निवडलेल्या भाषेनुसार ते वाक्य बदलू शकते.

सर्व त्रुटी एका मापाने मोजणेही चूक ठरते. 'ईइंटर', अर्थात क्रमांक ४, याचा अर्थ मधेच सिग्नल आला. 'रीड' अशा कारणाने थांबला तर तो पुन्हा करणे उचित. मात्र 'क्लोज'च्या बाबतीत लिनक्सवर पुन्हा प्रयत्न करू नये. फाईलचा क्रमांक तोवर मोकळा झालेला असतो, आणि दुसऱ्या थ्रेडने तोच घेतला असल्यास आपण त्याची फाईल बंद करून बसतो. पी-थ्रेड कुटुंबातील फलने तर 'एर्नो'ला शिवतही नाहीत. ती त्रुटीचा क्रमांक थेट परत करतात. त्यांच्यापुढे 'पीएरर' लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

न दिसणारी त्रुटी

फाईल उघडली नाही तर निदान काम थांबते. त्याहून घातक त्रुटी लिहिताना होते. 'एफप्रिंटएफ' मजकूर प्रथम स्मृतीतील बफरमध्ये ठेवतो आणि यश कळवतो. डिस्कवर जागा नाही, म्हणजे २८ क्रमांकाची 'ईनोस्पेस' ही त्रुटी, पुष्कळदा 'एफक्लोज'च्या वेळीच उघड होते. 'एफक्लोज'चे परतमूल्य आपल्यापैकी किती जण तपासावयास शिकवतात? महिनाभराचा हिशेब लिहिला, प्रोग्रामने 'नोंद झाली' असे छापले आणि फाईल रिकामी. खलाशांचे वाटे याच फाईलवरून करायचे असतील तर भांडणाला निमित्त पुरेसे आहे.

याची प्रचिती देण्यासाठी डिस्क भरावी लागत नाही. लिनक्सवर 'डेव्ह' डिरेक्टरीत 'फुल' नावाचे एक उपकरण असते; त्यावर लिहिताच जागा संपल्याचे उत्तर मिळते. विद्यार्थ्यांना त्यावर एकच ओळ लिहावयास सांगावी. 'एफओपन' यशस्वी होतो, 'एफप्रिंटएफ' यशस्वी होतो आणि 'एफक्लोज' अपयशी ठरतो. आमच्या प्रात्यक्षिकात आता हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करून घेतला जातो. मूल्यमापनाच्या वेळी परीक्षक विद्यार्थ्याच्या समक्ष फाईलची लेखन-परवानगी काढून घेतो, प्रोग्राम चालवतो आणि पडद्यावर काय उमटते ते वाचतो. शून्येतर निर्गम-संकेत परत आला की नाही, हेही पाहतो. या भागाचे गुण स्वतंत्र ठेवले आहेत.