जुन्या फोर बाय फोर जीपमधील बदलांचा क्रम

कडोदरा चौकडीवर मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळणाऱ्या सुरत–धुळे महामार्गाने बारडोली, व्यारा, सोनगढ ओलांडून नवापूरकडे गेल्यास डोंगराळ, पावसाळ्यात चिखलमय होणाऱ्या वाटा लागतात. अशा वाटांसाठी घेतल्या जाणाऱ्या एमएम ५४०सारख्या महिंद्राच्या जुन्या जिपांमध्ये इंजिनाचा जोर मागील चाकांना सदैव मिळतो, तर पुढील चाके ट्रान्सफर केस या गिअरबॉक्सलगतच्या पेटीतून हवी तेव्हाच जोडली जातात. मात्र दोन्ही आसांमधील वेगफरक सामावणारी यंत्रणा नसल्याने पुढील चाके कोरड्या डांबरावर जोडून ठेवल्यास गिअरवर ताण साठतो. अशा जिपेत बदल करताना मोठे टायर हा पहिला मोह असला, तरी त्यांमुळे चाकाशी पोहोचणारी ओढ घटते व ब्रेक तोकडे पडतात, म्हणून ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चासीचा गंज यांकडे आधी पाहणे शहाणपणाचे. एक चाक अधांतरी फिरू लागताच दुसऱ्याचीही ओढ संपते, हा एकाच आसावरील चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा दोष, त्यावर उपाय दोन्ही चाके एकत्र बांधणारे लॉक. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल रोखते. इंजिन बदलण्यासही नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते.