दाखलखारीज रजिस्टरातली एक ओळ

कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुन्ह्यात सापडला, की चौकात एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पोरगं सुटलंच कसं?’ या प्रश्नामागचा राग खोटा नाही. पण मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : तो सोळा-सतराचा आहे, हे ठरवले कोणी आणि कशावरून?

आधी कार्यपद्धती पाहू. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलगा ‘आरोपी’ नसतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. त्याला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री. मंडळ जिल्ह्याचे असल्याने कळमेश्वरच्या मुलाची वाट नागपूरला जाते. तिथे खटला नव्हे, चौकशी होते. गुन्हा कोणताही असो, जामीन हा नियम. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोचेल किंवा न्यायाचा हेतूच हरपेल, असे दिसले तरच तो नाकारता येतो.

याला एक अपवाद आहे. मुलगा सोळा पूर्ण केलेला असेल आणि गुन्हा ‘अतिगंभीर’ असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. मग खटला प्रौढासारखा चालू शकतो. या मूल्यमापनात गुन्हा केला की नाही हे पाहत नाहीत. मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती पाहतात. अतिगंभीर म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. किमान शिक्षाच सांगितलेली नसेल, तर कमाल कितीही मोठी असली तरी तो या वर्गात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘शिल्पा मित्तल’ प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले. सदोष मनुष्यवध तेव्हाच्या कायद्यात असाच गुन्हा होता. मे २०२४ च्या पुण्यातील मोटार अपघातानंतर जी चर्चा पेटली, तिच्यात हा बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटला.

म्हणजे बारा, सोळा, अठरा या आकड्यांवर माणसाचे पुढचे सारे आयुष्य ठरते. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे. पुराव्याचा क्रमही कायद्यात आहे : आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. अल्पवयाचा दावा कधीही, अंतिम निकालानंतरसुद्धा करता येतो.

ही शेवटची तरतूद काय करू शकते, ते नागपूरने पाहिले आहे. १९९४ मध्ये पुण्यात एका घरातील पाच स्त्रिया व दोन मुलांची हत्या झाली. एका दोषीला फाशी झाली; २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे राजस्थानातील त्याच्या गावच्या शाळेची नोंद पुढे आली : जन्म १ फेब्रुवारी १९८२. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. त्याला मिळू शकणारी कमाल मुदत होती तीन वर्षे; तो २८ वर्षांहून अधिक काळ आत होता. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून तो सुटला. निकालपत्रावर त्याचे नाव आहे. पण बालकाची ओळख उघड करू नये हे त्याच कायद्याचे तत्त्व असल्याने मी ते लिहीत नाही.

सात जीव गेलेल्या घराला हा निकाल कसा वाटला असेल, याची कल्पना करवत नाही. पण वयाची खात्री पहिल्याच दिवशी झाली असती, तर त्या घरालाही तीन दशके कोर्टाच्या बातम्या वाचाव्या लागल्या नसत्या.

आता आपल्याकडे पाहा. खेड्यापाड्यांतल्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली. आपण त्यावर हसतो. फौजदारी कायद्यात मात्र हीच ओळ पहिला पुरावा ठरते. ती खरी तारखेपेक्षा पुढची असेल तर प्रौढ माणूस बालक ठरेल, मागची असेल तर बालक फाशीपर्यंत पोचेल. म्हणून जन्माची नोंद २१ दिवसांत करणे आणि शाळेत तीच तारीख लिहिणे हे नुसते कारकुनी काम नाही. चौकातल्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या कपाटात असते.