उन्हावरचे घड्याळ

बारावी पास झाले तेव्हा मामांनी मला सौरशक्तीवर चालणारे मनगटी घड्याळ दिले. किल्ली देणे नाही, सेल बदलणे नाही. आमच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाणार होते. त्या घड्याळाचे कौतुक काय विचारता! जे सूर्यावर चालते ते चुकेल कसे, असे समजून मी १६ महिने त्याच्या काट्यांना हात लावला नाही. आणि हिवाळी परीक्षेला केंद्राचे फाटक माझ्यासमोर बंद झालेले! माझ्या घड्याळात दोन मिनिटे शिल्लक होती, फाटकावरच्या मोबाइलमध्ये दोन उलटून गेली होती. तो पेपर आता उन्हाळ्यात पुन्हा द्यायचा आहे.

गावी गेल्यावर बाबा म्हणाले, "सूर्यावर चालते म्हनते नं पोरी, मंग चुकलं कसं?"

या प्रश्नापायी मी पुस्तके चाळली. उत्तर असे की, हे घड्याळ सूर्याकडून फक्त शक्ती घेते, वेळ घेत नाही. तबकडीखालचा सौरघट उजेडाची वीज करतो आणि ती साठवली जाते. वेळ मोजतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक, साध्या सेलच्या घड्याळात असतो तोच. थंडी-उन्हाने त्याची गती किंचित बदलते. महिन्याला १५ सेकंदांची चूक या घड्याळांत चालते असे धरतात. १६ महिन्यांचा गुणाकार करा, माझी चार मिनिटे बरोबर निघतात!

बरे, सूर्याचीच वेळ घेतली असती तर? भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. नागपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य सरासरी साडेतेरा मिनिटे मागे. त्यातही तो लहरी: फेब्रुवारीच्या मध्यात इथली खरी दुपार सुमारे १२ वाजून २८ मिनिटांनी होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजण्याच्या थोडी आधीच. सावलीवर न्याहारी करणाऱ्या बाबांचे यात काही बिघडत नाही, परीक्षेचे बिघडते.

उपग्रहाची तऱ्हा निराळी. त्यालाही शक्ती उन्हाचीच. पण पोटात अणुघड्याळ. त्यात एक मायक्रोसेकंद चुकला तर जमिनीवरचे अंतर ३०० मीटरने चुकते. आपल्या 'इस्रो'ने २०१३ साली सोडलेल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहातील तिन्ही रुबिडियम घड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह शाबूत, ऊनही भरपूर, पण दिशा दाखवण्याच्या कामी तो निरुपयोगी! माझ्या घड्याळाचाच हा थोरला भाऊ म्हणायचा. मे २०२३ मध्ये सोडलेल्या 'एनव्हीएस-०१' मध्ये प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवले गेले.

या दोन्ही गोष्टी एकाच मनगटावर आणणारे 'सेइको'चे 'अ‍ॅस्ट्रॉन' २०१२ साली निघाले: शक्ती उन्हाची, वेळ उपग्रहाची. मात्र त्यालाही मोकळे आभाळ दिसावे लागते, आणि किंमत आमच्या वर्षभराच्या फीपेक्षा जास्त. असो. मी दर महिन्याच्या १ तारखेला काटे मोबाइलशी जुळवून घेते. बाबांना सगळे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हंजे खाते सूर्याचं, अन् आयकते दुसऱ्याचं."