दम्याचा झटका आणि शेजारधर्म

आमच्या वाड्यांतील एका गृहिणीस मध्यंतरीं रात्रीं दम्याचा जबर झटका आला. एक वाक्यहि सलग उच्चारवेना, तेव्हां १०८ क्रमांकावर दूरध्वनि करून तिला रुग्णालयांत नेलें. यजमान सोबत गेले. घरीं राहिलीं दोन मुलें.

अशा वेळीं चौकशी केली कीं शेजारधर्म पाळला, असें आपणांस वाटतें. परंतु वीस जणांनीं विचारपूस केली म्हणजे त्या गृहस्थास वीसदां उत्तर द्यावें लागतें! त्यापेक्षां एकानें वर्तमान आणून इतरांस कळवावें, दुसऱ्यानें डबा पोंचवावा, तिसऱ्यानें रात्रीं रुग्णाजवळ बसून यजमानांस झोंपूं द्यावें.

मुलांचें दुःख निराळेंच. धाकट्यानें मला हळूच विचारलें, "मी भांडलों म्हणून आईला असें झालें का?" श्वासनलिकांचे स्नायु आवळतात, आंतील अस्तर सुजतें, कफ साचतो, म्हणून वाट अरुंद होते, प्राणवायु व औषधें देऊन डॉक्टर ती मोकळी करतात, हें मी त्यास समजाविलें. तुझा दोष नाहीं, हें तर तीनदां सांगितलें. मग तो जेवला.

रुग्ण घरीं परतला तरी मदत थांबवूं नये. आठवड्याच्या आंत त्यास पुन्हां डॉक्टरांकडे न्यावें. बरें वाटतें म्हणून रोजचा, सूज आटोक्यांत ठेवणारा इन्हेलर बंद करूं नये. त्याची संवय जडते, हा भ्रम मीहि पुष्कळ वर्षें बाळगला होता.

बाई परतण्यापूर्वीं आम्हीं ओल्या फडक्यानें घरांतील धूळ पुसली, उदबत्त्या उचलल्या आणि डांसांच्या धुराऐवजीं मच्छरदाण्या बांधल्या.