फुंकरीतला दाह

माझ्या पत्नीला दमा आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या दोन महिने आधी तिने पंप बंद केला. धाप लागत नव्हती, खोकला नव्हता आणि ‘स्टेरॉइड’ या शब्दाची धास्ती होतीच. मीही तिला अडवलं नाही. पुढे नेहमीच्या तपासणीला गेलो, तेव्हा आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या छातीच्या डॉक्टरांनी तिला एका छोट्या यंत्रात सावकाश श्वास सोडायला लावला. आकडा आला ६२. डॉक्टर म्हणाले, “ताई, तुम्हाला बरं वाटतंय, पण आत दाह चालू आहे.”

त्या यंत्राने तिच्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजला होता. अब्ज भागांत ६२ भाग. गाड्यांच्या धुरात असणारा हा वायू घरात बसलेल्या बाईच्या श्वासनलिकेत कुठून आला? मी वैद्यक शिकलेलो नाही. पण या प्रश्नाने मला वर्षभर वाचायला लावलं, आणि एकाच्या शोधात तीन वायू सापडले.

आधी दाहाविषयी. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही त्याची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवली. दाह म्हणजे आजार, असं आपण धरून चालतो. खरं तर तो शरीराचा बंदोबस्त आहे. जंतू शिरला किंवा जखम झाली, की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी पोचतात, साफसफाई होते आणि बंदोबस्त उठतो. तो उठला नाही, तर मात्र दमा, संधिवात असे आजार मागे लागतात.

हा बंदोबस्त लावण्यात आणि उठवण्यात वायूंचा हात असतो, हे उशिरा कळलं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर कसलासा निरोप देतं आणि त्यामुळे तिचा स्नायू सैल पडतो, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये ठरलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिद मुराद यांना मिळालं. पेशी हा वायू आर्जिनिनपासून तयार करतात. आर्जिनिन हा प्रथिनांचा एक घटक; आपल्या शेंगदाण्यात तो भरपूर असतो. वायू असल्यामुळे त्याला पेशीच्या भिंतीत दार लागत नाही. तो थेट आरपार जातो आणि काही सेकंदांत संपतो.

त्याचं दुसरं काम १९८५ मध्ये उघड झालं. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी चेतवल्या, की नायट्राइट आणि नायट्रेट तयार करतात, असं उंदरांच्या पेशींवर दिसलं. अस्तरातला वायू थेंबाथेंबाने निघतो. दाहाच्या वेळी जागं होणारं एन्झाइम मात्र तो तासन्‌तास, कितीतरी अधिक प्रमाणात बनवतं. त्याने जंतू मरतात. पण ऑक्सिजनच्या जहाल रूपांशी त्याची गाठ पडली, की आपल्याच पेशी पोळतात. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तरातलं हेच एन्झाइम जागं असतं, म्हणून फुंकरीतला आकडा चढतो. प्रौढांमध्ये तो २५ च्या खाली असेल तर ॲलर्जीच्या प्रकारचा दाह बहुधा नसतो. ५० च्या वर असेल तर तो असण्याची आणि स्टेरॉइडच्या पंपाने उतरण्याची शक्यता मोठी.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं ज्याने दगावतात, तोच. मुका मार लागल्यावर कातडी काळीनिळी होते, मग हिरवट, मग पिवळी. साकळलेल्या रक्तातलं हीम एक एन्झाइम फोडतं. त्यातून हिरवं रंगद्रव्य, लोह आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. हे एन्झाइम १९६८ मध्ये ओळखलं गेलं. या वायूचं अल्प प्रमाण दाहाला आवर घालतं, हे २००० मध्ये उंदरांवर दिसलं. म्हणजे दुखऱ्या जागेवर हिरवट छटा दिसते, तेव्हा तिथे हा वायूही सुटलेला असतो.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. आमच्या भागातल्या माणसाला हा वास लोणार सरोवराच्या काठी भेटतो. गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेल्या कामगारांचे जीव घेणाऱ्या वायूंतही तो असतो. हवेत दशलक्षात शंभर भाग झाला, की नाक बधिर होतं आणि धोका कळेनासा होतो. हाच वायू मेंदूतही निरोप्या असावा, असं १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलं. मग पेच पडला. २००५ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना तो उंदरांत दाह वाढवताना दिसला. २००६ मध्ये कॅनडातल्या गटाला तो दाह शमवताना दिसला. यात कोणी खोटं नव्हतं. मात्रा, वेळ आणि जागा बदलली, की त्याचं कामही बदलतं.

या पेचाची किंमत माणसांनीही मोजली आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरून दाह हाताबाहेर गेला, की रक्तदाब कोसळतो. त्यामागे नायट्रिक ऑक्साइडचा पूर असतो, म्हणून तो रोखणारं औषध ७९७ रुग्णांच्या चाचणीत तपासलं गेलं. रक्तदाब वाढला, पण २८ दिवसांत औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ४९ टक्के. चाचणी थांबवावी लागली. निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. उलट बाजूची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना वायू वाढावा म्हणून आर्जिनिन दिलं. त्यांच्यातले सहा जण गेले; दुसऱ्या गटात एकही नाही. तीही थांबवली.

म्हणून ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवा’ सांगणाऱ्या पावडरींच्या जाहिराती मला आता वेगळ्या दिसतात. कुठे वाढवा, किती वेळ, कोणाच्या शरीरात, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. सगळीकडे वाढवणं आणि सगळीकडे बंद करणं, दोन्ही सारखंच आंधळं. दम्याचा पंप मला पटतो तो यामुळेच. तो हा वायू मुळासकट बंद करत नाही; बिघाड आहे त्या श्वासनलिकेतला दाह उतरवतो आणि आकडा आपोआप खाली येतो.

पत्नीने पंप पुन्हा सुरू केला. तीन महिन्यांनी आकडा २७ आला. तिला तेव्हाही बरंच वाटत होतं, ६२ असतानाही वाटत होतं. यंदा फटाक्यांच्या धुराआधी आम्ही ‘बरं वाटतंय’ यावर भिस्त ठेवलेली नाही. पंप रोज सकाळ-संध्याकाळ चालू आहे.