महागड्या बिया आणल्या, तरी कॉफी कडूच? दोष बहुधा दळणाचा. समजून घ्या पोअर ओव्हरचं गणित

चिकमगळूरच्या चांगल्या बिया मागवल्या, ड्रिपरही घेतला. पण घरची कॉफी कधी कडूजहर, कधी आंबट होते. नेमकं चुकतं कुठे?

पोअर ओव्हर म्हणजे काय?
कागदी फिल्टरमधल्या कॉफीवर हाताने हळूहळू गरम पाणी ओतायचं. हा फिल्टर १९०८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतल्या टिपकागदापासून बनवला.

प्रमाण किती?
१५ ग्रॅम कॉफीला २४० मिली पाणी, म्हणजे १:१६. चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल, तर उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा.

ओतायचं कसं?
आधी रिकामा फिल्टर गरम पाण्याने धुवा. कागदाचा वास जातो. मग कॉफी टाकून तिच्यावर ४० मिली पाणी ओता आणि ३० ते ४५ सेकंद थांबा. भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघतो आणि कॉफी फुगते. उरलेलं पाणी बारीक धारेने, गोल फिरवत, दोन-तीन टप्प्यांत ओता.

चव बिघडली तर?
घड्याळ बघा. कॉफी साधारण तीन मिनिटांत गळायला हवी.
• दोन मिनिटांतच गळली आणि आंबट लागली? दळण जाड आहे, बारीक करा.
• चार मिनिटं उलटली आणि कडू लागली? दळण जाड करा.

एका वेळी फक्त दळण बदला. प्रमाण तेच ठेवा. सगळंच एकदम बदललं, तर चूक सापडणार नाही आणि बिया मात्र संपतील.